टॉवरवरून हलवलेली मान

बहात्तरच्या मे महिन्यात माझी बदली युद्धकैद्यांच्या छावणीवर झाली. मी तेव्हा नायक होतो, हाताखाली दहा जवान. तारेचं दुहेरी कुंपण, चार कोपऱ्यांना चार टॉवर, आणि कुंपणाच्या आत दहा पावलांवर चुन्याची रेघ. स्टँडिंग ऑर्डर एकच. कैद्यानं रेघ ओलांडली तर तीनदा 'थम' म्हणायचं, मग फायर. टॉवरवर माणूस एकटा असायचा. 'थम' म्हटलं की नाही, हे सांगणाराही तोच.

सकाळी सहाला गिनती, सातला चहा, दहाला परत गिनती, चारला व्हॉलीबॉल. कैदीही आपल्यासारखेच फौजी. डाळीत मीठ कमी पडलं की बोंब मारायचे. पहिले पंधरा दिवस मला त्यांचा राग असा आलाच नाही. सोळाव्या दिवशी गिनतीत तो दिसला.

आदल्या डिसेंबरात, लढाईत, आमचा सेक्शन एका बंकरवर चालून गेला होता. आतून पांढरं फडकं बाहेर आलं. लान्स नायक बिराप्पा माझ्या शेजारी होता. मैंदर्गीचा धनगर, माझा पाच वर्षांचा जोडीदार. मी म्हणालो, "थांब बिरा."

"जखमी असंल की रं. पाणी तरी देतो."

बाटली घेऊन तो उठला आणि आतून गोळ्यांचा बर्स्ट आला. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बिरा जागेवरच गेला. थोड्या वेळानं बंकरमधून एकच माणूस हात वर करून बाहेर आला. डाव्या भुवईपासून गालापर्यंत व्रण. आत दुसरं कुणी नव्हतं. मी रायफल लावली, तेवढ्यात वायरलेसवर कॅप्टन साहेब बोलले, "कैदी जिवंत पाहिजे. ओव्हर." मी "रॉजर" म्हणालो आणि त्याचे हात बांधले.

जानेवारीत बिराची ट्रंक घेऊन मी मैंदर्गीला गेलो. त्याचा बाप सिद्धाप्पा घरात कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी. मीही धनगरच, मंगळवेढ्याकडचा. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"हात बांधलास? जीव न्हाय घेतलास?"

"ऑर्डर होती, अप्पा."

त्यानं देवापुढचा भंडारा आणून माझ्यासमोर ठेवला. "उचल. परत दिसला तर सोडणार न्हाय म्हण."

मी उचलला आणि म्हणालो. आमच्यात माणूस कोर्टात खोटं बोलेल, पण भंडारा उचलून दिलेला शब्द फिरवत नाही.

आणि आता तो दहा पावलांवर उभा होता. मी सुभेदार साहेबांकडे रिपोर्ट केला. पांढरं फडकं दाखवून गोळी घातली, हा गुन्हाच आहे म्हणालो. साहेबांनी विचारलं, "गवाह?" मी म्हणालो, "मी एकटा. बाकीचे मागं होते, फडकं त्यांना दिसलं नाही." साहेब म्हणाले, "लड़ाई की बात लड़ाई में छोड़ो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी मी टॉवरची ड्युटी मागून घेतली.

"नायक होके सेंट्री करोगे?"

"जवान कम हैं, साब." साफ खोटं.

एकोणीस दिवस मी चार ते सहा तीन नंबरच्या टॉवरवर उभा राहिलो. देवाकडे एवढंच मागत होतो, एकदा रेघ ओलांड रे मुडद्या, एकदाच.

विसाव्या दिवशी चार पंचवीसला वावटळ उठली. त्याची टोपी उडाली आणि कुंपणाच्या तारेला जाऊन अडकली. तो रेघेपाशी थांबला. वर माझ्याकडे बघून हातानं विचारलं, घेऊ का? परवानगी द्यायचा अधिकार मला नव्हता. मी मान हलवली. घे.

तो रेघ ओलांडून गेला. मी सेफ्टी कॅच सोडला, छातीवर निशाणा धरला. केवढं सोपं काम होतं! कैदी पळत होता, तीनदा हटकलं, फायर केला. रिपोर्टात एवढं लिहिलं की झालं. कुणी चौकशीही केली नसती. त्यानं टोपी काढली, झटकली आणि मला बघून हात कपाळाला लावला.

"शुक्रिया, उस्ताद."

दयाबिया काही आली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. डोक्यात एवढंच आलं की यानं फडकं दाखवलं आणि मी मान हलवली. त्याच्यात नि माझ्यात फरक काय उरला? अंगाला घाण लागल्यासारखं झालं. टॉवरवरचा टेलिफोन वाजला. खालून सुभेदार साहेब.

"तीन नंबर! लाइन के पार कौन है? फायर क्यों नहीं?"

नुसता गप्प राहिलो असतो तरी सगळं त्याच्यावरच शेकलं असतं.

"साब, इजाजत मैंने दी."

"दोहराओ."

"इजाजत मैंने दी."

आठवड्याच्या आत माझी एक फीत उतरली, नायकाचा लान्स नायक झालो. कैदी टोपी घालून व्हॉलीबॉलला परत गेला. पुढच्या वर्षी गाडीत बसून आपल्या मुलखालाही गेला. त्या दिवशी मी जेवलो नाही, रागानं.

फौज सुटल्यावर मी सोलापुरात एका कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. शहात्तर साल असेल. नीतिशास्त्राच्या बाईंना खडू द्यायला वर्गात गेलो तर फळ्यावर तीन रकाने. पहिल्यात कर्तव्य: नियम काय आणि हेतू काय. दुसऱ्यात परिणाम: किती जणांचं भलं, किती जणांचं वाईट. तिसऱ्यात सद्गुण: असं वागून मी कसला माणूस होतो. गिरणीला आग लागली तर आधी कुणाला वाचवायचं, असं उदाहरण चाललं होतं. पोरं हसत हसत माणसं मारत होती, वाचवत होती. मला राहवलं नाही.

"बाई, मी एक खरं उदाहरण सांगू?"

बाईंनी खुर्ची पुढे केली. मी उभ्यानंच सांगितलं, वर लिहिलंय तेवढंच.

श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या एका फिटरचा मुलगा म्हणाला, "नियम होता की. रेघ ओलांडली, विषय संपला."

बाई म्हणाल्या, "आणि मान हलवली त्याचं काय? प्रत्येक पहारेकरी असं करायला लागला तर परवानगी या शब्दाला काही अर्थ राहील? गोळी नियमातली, पण हेतू सुडाचा."

विणकरांच्या घरातली एक तेलुगू मुलगी उठली. "आपले जवानपण तिकडे कैदेत होते ना? हितं एक मारला असता तर तिथं त्यांचे हाल झाले असते."

"आणि म्हाताऱ्याचा जीव थंड झाला असता, ते धरायचं न्हाय व्हय?" मी विचारलं.

मग बाईंनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "टॉवरवर बिराप्पा असते तर?"

हे मला झोंबलं. उत्तर मला पाठ होतं. बिरा स्वतः खाली उतरून टोपी काढून द्यायला गेला असता, गाढव लेकाचा.

"म्हणजे तिन्हीकडून तुमचं बरोबरच," फिटरचा मुलगा म्हणाला.

माझं टाळकं सटकलं. "बरोबर म्हणायला तुझं काय जातंय रं? भंडारा तू उचलला हुतास? आज तो हितं दारात आला तर नरडं दाबीन त्याचं. तुमच्या फळ्याकडं बघणारपण न्हाय!"

त्या तेलुगू मुलीनं विचारलं, "बिराप्पांच्या वडलांना सांगितलंत?"

सांगितलं होतं. बहात्तर सालीच दिवाळीच्या रजेत मी मैंदर्गीला गेलो, तेव्हा म्हातारा मेंढरांची लोकर कातरत होता. मान हलवली तेही सांगितलं, टेलिफोनवर काय बोललो तेही. त्याची कात्री चालूच होती.

"गोळी न्हवती व्हय तुझ्याकडं?"

"होती, अप्पा."

"मग ऊठ हितनं."

मी उठलो. त्यानंतर त्या घरचं पाणी मला मिळालं नाही.

लान्स नायक बिराप्पा, राहणार मैंदर्गी, वय सव्वीस. त्याच्या शेताच्या बांधावर त्याच्या नावाचा दगड आहे. दर डिसेंबरात मी एसटीनं जातो आणि तासभर तिथं बसतो. म्हातारा लांबून बघतो, हाक मारत नाही. मी दगडाला सांगतो, "मारला न्हाय रं." दर वेळी मला ठाऊक असतं की बिरा 'बरं केलंस' म्हणाला असता, आणि त्याच्या त्या 'बरं केलंस'चा मला अजून संताप येतो.