लाल खुणा नसलेलं पान

तपासून दिलेला प्रबंध शुभदा माझ्या टेबलाशी उभ्याउभ्याच चाळत होती. पानोपानी माझ्या लाल पेनाच्या खुणा होत्या. ‘मला वाटतं’ खोडून ‘असे दिसून येते’, ‘मी त्यांना विचारलं’ खोडून ‘विचारणा करण्यात आली’. प्रबंध असाच लिहायचा असतो. इतकी वर्षं मी मुलांच्या लिखाणातून माणसं बाहेर काढत आले आहे. आता हात आपोआप चालतो, आणि उरलेलं वाचताना मलाच जांभया येतात.

ऋणनिर्देशाच्या पानावर ती थांबली. तिथे एकही खूण नव्हती. हिला लिहिता यावं म्हणून रडक्या नातवाला कडेवर घेऊन भर उन्हात देवळापर्यंत फेऱ्या मारणारी सासू त्या पानात होती. हिचा चहा झाकून ठेवून तिथेच पेंगणारा नवरा होता.

“मॅडम, हे वाचायचं राहिलं का?”

“नाही गं. दोनदा वाचलं.”

तिचा चेहरा उतरला. दोनदा वाचूनही पेन लावलं नाही, म्हणजे पान अगदीच बिघडलं असणार, असं तिला वाटलं असावं.

“मग हेही बाकीच्यासारखं नीट करून आणू का?” तिने अदबीने विचारलं.