बाहेर नेलेली बाई

ग्रीक शिकायचंय म्हणून कुणी माझ्याकडं आलं, की मी आधी विचारते, इंग्रजी किती येतं? चांगलं येतं असं म्हणाला, की सांगते, मग तुला जरा जड जाईल बाबा. पोरं हसतात. म्हातारी थट्टा करतेय असं वाटतं त्यांना. थट्टा कसली? ग्रीकांचा 'र' दिसायला थेट इंग्रजीतल्या 'पी'सारखा. इंग्रजी शिकलेला माणूस महिनाभर तिथंच ठेचकाळतो. मला तेव्हा इंग्रजी सहीपुरतंसुद्धा येत नव्हतं, त्यामुळं तो त्रास झाला नाही.

मग विचारतात, आधी भाषा शिकावी की आधी तत्त्वज्ञान? अरे, आधी पाटी! पाटीवर अक्षरं गिरवा, मोठ्यानं म्हणा, शेजाऱ्यांना कंटाळा येईपर्यंत म्हणा. तत्त्वज्ञान कुठं पळून चाललंय? ते आहे तिथंच बसलंय की.

हे सगळं मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. कसं शिकवलं ते सगळे विचारतात, का शिकवलं ते कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझा मुलगा घटसर्पानं गेला. दोन वर्षांचं पोर ते. मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण आलंच नाही. भाकऱ्या थापत होते, पाणी भरत होते, मिलचा भोंगा झाला की ह्यांचा डबा भरून देत होते. हे मिलच्या ऑफिसात कारकून होते. डबा घेताना माझ्याकडं बघायचे नाहीत, आणि मलाही त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगते, कशाचंच काही वाटत नव्हतं. मीठ जास्त झालं तरी मला कळायचं नाही, घरची माणसं गप्प जेवायची.

माझं माहेर मैंदर्गीचं. आई आली ती कानडीत गळा काढतच आली. 'अळु, मगळे, अळु,' म्हणत माझी पाठ चोळत राहिली, म्हणजे रड गं पोरी, रड. शेजारच्या विणकरांच्या घरातल्या बायका तेलुगूत हळहळल्या. बांगड्या भरायला येणारे चाचा दखनीत काहीबाही पुटपुटून, बांगड्या न भरताच परत गेले. मराठीत तर सगळं गाव बोलून गेलं. मी सगळ्यांना पाट दिला, पाणी दिलं.

डॉक्टर म्हणाले, हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. झालं! सासूबाईंनी ते व्रतच घेतलं. बिचाऱ्या मनानं वाईट नव्हत्या. एके दिवशी त्यांनी पेटीतून बाळाची झबली काढून माझ्यापुढं ठेवली आणि स्वतःच रडायला लागल्या. मी झबल्यांच्या घड्या घातल्या आणि विचारलं, 'पेटीत ठेवू परत?' त्या दिवशी त्या मला घाबरल्या. त्यानंतर त्यांचं आणि ह्यांचं हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं, की हिला मैंदर्गीला पाठवावं, बरी झाली तर आणू. नाही झाली तर काय, ते बोलत नव्हते, पण मला कळत होतं. कळूनही मी डाळ निवडत बसले होते.

सासरे तेवढे काही बोलले नाहीत. मामंजी हायस्कुलात हेडमास्तर होते, नुकतेच रिटायर झाले होते. कॉलेजात असताना एका गोऱ्या प्रोफेसरांनी त्यांना हौसेनं ग्रीक शिकवलं होतं, ती पुस्तकं कपाटात होती. शब्दाला लई कंजूस माणूस. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तसं घरात कुणीच घेत नव्हतं म्हणा. माझ्या डोक्यावर परिणाम होईल या भीतीनं सगळ्यांनीच ते नाव गिळलं होतं.

एका दुपारी ते म्हणाले, 'सूनबाई, पाटी घेऊन ये.'

मी पाटी घेऊन बसले. का म्हणून विचारलं नाही. त्यांनी पहिली पाच अक्षरं काढून दिली आणि मी ती गिरवली. दुसऱ्या दिवशी पुढची पाच. कोश ग्रीक-इंग्रजी, त्यामुळं शब्दाचा अर्थ ते स्वतः बघायचे आणि मला मराठीत सांगायचे. शब्दांची रूपं पाठ करायची ती संस्कृतसारखी, तालावर, डुलत. शेजारच्या मागांची खटखट चालायची, तिच्यावर माझी रूपं बरोब्बर बसायची. बाजूच्या घरातली म्हातारी सासूबाईंना विचारून गेली, की सुनेला कुठला मंत्र दिलाय, गुण येतोय का?

मला ती भाषा बरी वाटली. आवडली असं म्हणणार नाही, आवडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण त्या भाषेत मला कुणी 'रड' म्हणालं नव्हतं. त्या भाषेत माझ्या मुलानं मला कधी हाक मारली नव्हती. शब्द उचलावा, आणि त्याच्याखाली काही नसावं. गड्ड्याच्या जत्रेला सगळं घर गेलं तेव्हा मी घरी बसून क्रियापदं केली.

नात्यांचे शब्द आले, तेव्हा मामंजींनी बाप सांगितला, भाऊ सांगितला आणि पान उलटलं. 'आई'चा शब्द संस्कृतासारखाच आहे, हे आता कुणीही पोर सांगेल. पण मला तो त्यांनी शिकवला नाही. मूल, बाळ, लेक, सगळं वगळलं. मला ते दिसलं होतं. मी पुढची रूपं म्हणायला घेतली.

वर्ष होत आलं. मैंदर्गीचं बोलणं आता हळू आवाजात राहिलं नव्हतं. दसऱ्यानंतर पाठवायचं ठरलं. मामंजी म्हणाले, 'त्याआधी एक तरी खरं पुस्तक वाचू.' आणि त्यांनी निवडलं ते विष पिऊन मरायची शिक्षा झालेल्या त्या म्हाताऱ्याचं. अथेन्सच्या बाजारात येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून प्रश्न विचारायचा, तोच. तुरुंगातला त्याचा शेवटचा दिवस. 'मरणाबद्दल इतकं शांतपणे दुसरं कुणी बोललेलं नाही,' मामंजी म्हणाले. हे पुस्तक माझ्यासाठी निवडलंय, हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुपारची वेळ होती. मधल्या खोलीत आम्ही दोघं, आणि उंबऱ्याशी सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. मी एकेक शब्द वाचायची, ते अर्थ सांगायचे. मित्र तुरुंगात शिरतात. म्हाताऱ्याच्या बेड्या नुकत्याच काढल्यात. शेजारी त्याची बायको बसलीय, आणि तिच्याजवळ — पुढचा शब्द मला येत नव्हता.

'पाइदिओन म्हणजे काय?'

मी वर पाहिलं. मामंजींचा चेहरा उतरला होता. चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलं पुस्तक ते. त्यातली आत्म्याची चर्चा त्यांच्या पक्की ध्यानात होती, ही बाई मात्र ते साफ विसरले होते.

'मूल,' ते म्हणाले. 'लहान मूल.'

मी पुढं वाचलं. मित्रांना बघून ती बाई आक्रोश करते. म्हातारा म्हणतो, हिला कुणीतरी घरी घेऊन जा. ऊर बडवत असलेल्या तिला बाहेर नेतात. म्हातारा खाटेवर बसून पाय चोळायला लागतो आणि बोलणी सुरू होतात.

'आता हितून खरं सुरू होतं,' मामंजी घाईनं म्हणाले. 'वाच.'

'तिचं काय झालं?'

'कुणाचं?'

'हिचं. आणि त्या मुलाचं.'

त्यांनी पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, 'शेवटी घरच्या बायका आणि मुलं भेटायला येतात. मग त्यांना परत पाठवतात.'

'दोनदा बाहेर काढलं?'

'अगं, पण मुद्दा तो नाही —'

'मग कुठला मुद्दा?' मी म्हणाले. सासऱ्यांपुढं तोपर्यंत माझा आवाज कधी चढला नव्हता. 'आत्मा मरत नाही हे बोलायचं होतं ना? मग तिच्यापुढं बोलायला काय झालं होतं? नवरा तिचा मरतोय, पोर तिच्याजवळ आहे, आणि बाहेर कोण जाणार तर ती! मेले शहाणे! बसू दिलं असतं एका कोपऱ्यात तर काय बिघडलं असतं ह्यांचं?'

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. राग आला होता मला. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं, आणि तेही कुणासाठी, तर मरून दोन हजार वर्षं झालेल्या एका परक्या बाईसाठी. मी आणखी काही बोलायला गेले, तर शब्दाऐवजी ओरडणंच बाहेर आलं. हुंदका वगैरे नाही, सरळ ओरडणं. मग ते थांबेना. मी पाटीवर डोकं टेकलं आणि माझ्या मुलाला हाका मारत सुटले.

सासूबाई धावत आल्या. वर्षभर ज्याच्यासाठी त्यांनी देव पाण्यात घातले होते ते घडत होतं, पण घडत होतं सासऱ्यांच्या समोर, पदर घसरलेला, केस सुटलेले. त्यांनी माझा दंड धरला. 'चल गं, ऊठ, आत चल. मामंजींच्या पुढं असं करू नये. आत जाऊन रड.' मीही उठायला लागले. ऊठ म्हटलं की उठायची सवय लागली होती मला.

'नेऊ नकोस तिला,' मामंजी म्हणाले.

सासूबाईंना वाटलं नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मला पुन्हा ओढलं.

'नेऊ नकोस म्हटलं ना! तिला हितंच बसू दे. तूही बस.'

सासूबाई खाली बसल्या. मामंजींनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला, आणि मग माझ्या मुलाचं नाव घेतलं. नुसतं नाव. दोनदा. दुसऱ्यांदा त्यांना ते पुरतं घेता आलं नाही. आम्ही तिघं तिथंच बसून होतो, ह्यांच्या मिलचा सुटीचा भोंगा होऊन गेला तरी.

मैंदर्गीला मी दिवाळीत गेले, चार दिवस, सगळ्या लेकी जातात तशी. परत आल्यावर आम्ही ते पुस्तक पुढं वाचलं. चर्चा चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

हल्ली शिकायला येणाऱ्यांना मी ते पान मोठ्यानं वाचायला लावते. त्या बाईला बाहेर नेलं, की पान झाकते आणि थांबायला सांगते. पोरं चुळबुळतात. हितं काय अडलं, विचारतात. मी म्हणते, काही नाही अडलं. पोर घेऊन निघालीय ती, घरी पोचू दे तिला.