ईदचा चंद्र आणि एका दिवसाचं रोम

लग्नाआधी मी पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचे. रोम मी फळ्यावर खडूनं इतक्यांदा उभारलं आणि डस्टरनं इतक्यांदा पाडलं की रानटी टोळ्यांनाही ते जमलं नसतं. त्यातही फोरम, म्हणजे तिथला गावमध्याचा चौक, माझा लाडका. सभागृह इथं, देवळं तिथं, भाषणाचा ओटा मधे. डोळे मिटून काढायचे मी. मग लग्न झालं, दुबईच्या 'बर दुबई' भागात राहायला आले आणि व्हिसावर 'हाउसवाइफ' पडलं.

इथल्या एखाद्या भारतीय शाळेत नोकरी धरू का, असं विचारलं की नवरा म्हणायचा, "बघू. इन्शाल्ला." 'देवाची इच्छा असेल तर' अशा अर्थाचा हा शब्द त्यानं ऑफिसातून आणला होता. श्रद्धाळू माणूस तो मनापासून म्हणतो, पण नवऱ्याच्या साहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ सरळ 'नाही' असायचा. नवऱ्यानं शब्द अर्थासकट उचलला होता.

म्हणून ईदच्या सुट्टीत रोमला जायचं ठरलं तेव्हा मी एकच मागितलं. "मला फोरममध्ये निवांत उभं राहू द्या. बाकीचं रोम तुम्ही तुमच्या पद्धतीनं बघा."

"अगं, दोन दिवस आहेत आपल्याकडे. दोन दिवसांत अख्खं रोम होतं," नवरा म्हणाला. तो साइट इंजिनिअर. त्याला कुठलीही गोष्ट 'होते', बघितली जात नाही.

हे दोन दिवस त्यानं काढले होते स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवरून. त्यावर एकादशी, संकष्टी, दूधवाल्याचे खाडे यांच्या शेजारी 'रमजान ईद' स्पष्ट छापलेलं होतं. आमच्या घरात त्या कॅलेंडरापुढे वेदही फिके. त्यानं त्या तारखेवर तिकिटं काढली. ते कॅलेंडर भारतातल्या चंद्राचं आहे आणि आखातात ईद बहुतेक वेळा एक दिवस आधीच येते, ही गोष्ट इतकी वर्षं इथं राहूनही या उंटावरच्या शहाण्याच्या ध्यानात आली नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी बोलता बोलता विषय निघाला आणि आमची पाचावर धारण बसली. आज चंद्र दिसला तर उद्याच ईद, आणि ऑफिसही एक दिवस आधी उघडणार. आम्ही अक्षरशः देव पाण्यात घालून बसलो. संकष्टीला चंद्र दिसावा म्हणून गॅलरीत ताटकळणारी माणसं आम्ही, त्या दिवशी तो दिसू नये म्हणून गणपतीला साकडं घालत होतो. गणपतीचं आणि चंद्राचं जमत नाही म्हणतात, पण त्या दिवशी नेमकं जमलं. टीव्हीवर जाहीर झालं, चंद्र दिसला. सगळी इमारत आनंदात, आणि आमच्याकडे सुतक.

साहेबांना फोन करून नवऱ्यानं एक दिवस वाढवून मागितला. तिकडून हसतमुख उत्तर आलं, "इन्शाल्ला, हबीबी!" नवऱ्यानं फोन ठेवला आणि मुकाट्यानं परतीचं तिकीट एक दिवस अलीकडे आणलं. जायचं विमान काही अलीकडे येईना. रोम एका दिवसावर आलं.

त्यातच शेजारीण आली. ती वसईची, एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती. माझ्या बाळंतपणात महिनाभर तिनं मला जेवू घातलं होतं. तिनं हातात एक जुनी जपमाळ ठेवली. "वहिनी, आईची आहे. तिला एकदा रोमच्या मोठ्या चर्चमध्ये जायचं होतं, राहिलं ते. तुम्ही नुसती आत नेऊन आणा ना, प्लीज." याला नाही म्हणणार कोण?

तर एका दिवसाचं रोम, त्यातली सकाळ चर्चची. रांग अशी की शेपूट दिसेना. जानेवारीची थंडी, आणि आमच्याकडे दुबईतले स्वेटर, म्हणजे मॉलच्या एसीपुरते. नवऱ्यानं माकडटोपी चढवली होती. रांगेत उभ्या उभ्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. आत गेल्यावर मी जपमाळ मुठीतून काढून तळहातावर धरली, तिलाही घुमट दिसावा म्हणून. वेडेपणाच, पण डोळे भरून आले.

बाहेर पडल्यापासून नवऱ्याचं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला-चला, सुरू झालं. व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावून तो शहरभर आमच्या पुढे धावत होता. कारंजं झालं. जिना झाला. घुमटवालं देऊळ झालं. कलोसियम बसमधूनच झालं. मुलगा आठ वर्षांचा. प्रत्येक ठिकाणी तो एकच विचारायचा, "बाबा, आर वी डन?"

फोरमपाशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि दारावरचा पहारेकरी घड्याळाकडे बघत होता. "पंधरा मिनिटं," नवरा म्हणाला. मी आत जाऊन उभी राहिले आणि पाय हलेनात. सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे पडलेलं होतं, पण जागच्या जागी पडलेलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, देअर्स नथिंग हिअर. इट्स ऑल ब्रोकन."

माझं डोकं फिरलं. "बस खाली," मी म्हटलं. हा आवाज मी कित्येक वर्षांत काढला नव्हता. मुलगा बसला. गंमत म्हणजे नवराही बसला, कॅमेरा मांडीवर ठेवून.

मग मी हातवारे करत रोम उभं केलं. इथं सभागृह, इथं उभं राहून भाषणं व्हायची, हा रस्ता विजयाच्या मिरवणुकीचा, त्या कडेला दुकानं, आणि तिथं उधारीवरून भांडणं. बोलता बोलता माझ्या भोवती एकसारख्या टोप्या घातलेली माणसं जमली. आपलीच, मराठी सहल. त्यांना वाटलं, आपल्या कंपनीनं बाई ठेवल्यात. एका आजोबांनी हात वर केला. मी मोठ्या उमेदीनं "हं, विचारा" म्हटलं, तर ते म्हणाले, "मॅडम, इथं बाथरूम कुठं आहे?"

सगळे हसले. मग आणखी एक हात वर झाला. माकडटोपीतून नवरा विचारत होता, अगदी वर्गातल्या मुलासारखा, "बाई, हे सगळं पडलं कशानं?"

थट्टा करतोय का ते पाहिलं. नव्हता करत.

"आग, भूकंप, लुटालूट, सगळं झालं," मी म्हटलं. "पण सगळ्यात जास्त दुर्लक्षानं. कुणाला त्याची गरज वाटेना. चांगले दगड होते, ते लोकांनी उचलून आपापल्या घराला लावले."

तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली आणि टोप्या बाथरूमच्या शोधात पांगल्या. नवऱ्याची अजून दोन ठिकाणं राहिली होती. मी म्हटलं, "चला, यल्ला." तो म्हणाला, "खलास. राहू देत ती."

दुबईला परतल्यावर शेजारणीला जपमाळ दिली. तिनं ती डोळ्यांना लावली, थोडी रडली, मग चहा टाकला आणि नवऱ्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही काय काय बघितलं?"

मला वाटलं, आता कॅसेट लागणार.

"हिचा तास," नवरा म्हणाला. "एवढी वर्षं झाली लग्नाला, कधी बघितलाच नव्हता." मग कपाकडे बघत माझ्याशी बोलला, "शनिवारी शाळा उघडतायत. याला सोडताना तूही चल. प्रिन्सिपलना भेटू."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत थांबले. सवयच होती ना. पण त्यानं चहाचा घोट घेतला आणि बिस्कीट मागितलं. इन्शाल्ला म्हणाला नाही.