विसरलेली मूठ

खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, आमच्याकडे दर श्रावणात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची एकेक मूठ काढतात. हे काम आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मागच्या वर्षी आप्पा नंदुरबारच्या दवाखान्यात होते, मेंदूच्या ऑपरेशननंतर गळ्यात नळी घेऊन पडलेले. म्हणून मोठा मुलगा या नात्याने मी सूप पुढे ओढून बसलो. लहानपणापासून ऐकलेल्या क्रमाने, अगदी आप्पांच्या थाटात नावं घेतली. काका, मी, धाकटा, चुलतभाऊ, पोरं. गहू दळून आले. मग काकूने विचारलं, "आप्पानी मूठ टाकी का रे?" आप्पांची मूठ मी टाकलीच नव्हती. आप्पा स्वतःची मूठ दरवर्षी सगळ्यात शेवटी, नाव न घेता टाकायचे. मी त्यांची नक्कल इतकी चोख केली होती की त्यांनाच वगळलं होतं. काकू पीठ झाकून आत निघून गेली. एरवी दूध उतू गेलं तरी ती अर्धा तास बोलते, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

त्याच दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेलो, तर सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या बाईंनी बोलावून सांगितलं की कार्डावरची यंदाची रक्कम संपली. मी हसलो. खरंच हसलो. लोणखेड्याच्या कॉलेजात मी क्लार्क, आणि गावातल्या कितीतरी घरांची कार्डं मीच कॉम्प्युटरवर बसून काढून दिलेली. "कार्ड शे ना, मंग कसानी काळजी?" हे माझं ठरलेलं वाक्य. ते कार्ड संपतं, आणि घरी ठेवायच्या नर्ससाठी तर ते मुळीच चालत नाही, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, पण गळ्याची नळी साफ करायला, नाकातल्या नळीने जेवण द्यायला, दर दोन तासांनी कूस बदलायला शिकलेलं माणूस हवं. नाहीतर महिनाभरात परत आणाल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. नर्स पुरवणाऱ्या माणसाला फोन केला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी विचारलं, "वर्षाचे का?" तो म्हणाला, "महिन्याचे."

रविवारी कानबाई बसली. तिच्यासमोर बसलो खरा, पण मान वर होईना. कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. ऑपरेशन योजनेत मंजूर झालं त्या दिवशी मी मनात देवीला म्हणालो होतो, "माय, यावेळी तू आराम कर, कार्ड शे." क्लार्कने देवीला रजा मंजूर केली होती. आता कोणत्या तोंडाने परत कामावर बोलावणार?

सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालो. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका पुढे, पुरुष मागे, आणि आमच्या गर्दीने सगळा रस्ता अडलेला. धडगावहून आलेली एक जीप त्यात अडकली. चिखलात माझा पाय सरकला आणि मी त्याच जीपच्या बंपरवर कपाळ आपटलं. डोळ्यांवर रक्त. कोणीतरी घट्ट बोटांनी माझी भुवई दाबून धरली. साठीची एक पावरा आदिवासी बाई, पिशवी खांद्याला, चेहऱ्यावर वैताग. "हात लावू नका. बसा." आवाज असा की मी आणि माझा चुलतभाऊ, दोघंही बसलो. "बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते," ती म्हणाली. मुलीच्या बाळंतपणाला लोणखेड्याला निघाली होती. आमच्यामुळे जीप अडली म्हणून उतरून चालत जाणार होती, एवढंच. माझ्या बायकोने तिथेच, रस्त्यावर, आप्पांपासून कार्डापर्यंत सगळं तिला सांगून टाकलं.

सिस्टर आमच्या घरी आल्या. घरात रोटच होता, आणि रोट भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत. बायको ओशाळली. सिस्टर म्हणाल्या, "माहीत आहे मला. चहा टाका." चहा पिता पिता माझ्याकडे बघून विचारलं, "नर्स कशाला शोधता? हे आहेत ना."

मला वाटलं, कपाळाचा मार दिसतो त्याहून मोठा असावा, मला भलतंच ऐकू येतंय. बायको म्हणाली, "यास्ले सोतानं बनियन सापडस नही, सिस्टर!"

"सापडेल," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर नंदुरबारला आल्या. डॉक्टरांशी बोलल्या, वॉर्डातल्या नर्सला "बाई, याला करू दे," म्हणाल्या. आप्पांच्या गळ्यातलं ते भोक पहिल्यांदा जवळून पाहिलं आणि मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवा झालो. वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "चला, परत." आप्पा घरी आल्यावर महिनाभर त्या रोज सकाळी येत. बायको माझ्याआधी शिकली, हे सांगायला नकोच. पैशाचा विषय काढला की त्या मला पुन्हा हात धुवायला पाठवत. गळ्याच्या नळीच्या आत आणखी एक, काढता येणारी नळी असते. एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली होती. "श्वास अडला, तर आधी आतली नळी काढायची. घाबरायचं नंतर."

त्या धडगावला परतल्या आणि चौथ्याच दिवशी, भर दुपारी, बायको दळण आणायला गेलेली असताना आप्पांचा श्वास अडला. ओठ निळे पडायला लागले. डोळे माझ्यावर. मी आतली नळी फिरवून काढली. चिकट कफाने गच्च भरलेली. कफ ओढायचं मशीन लावून गळा साफ केला. एक क्षण काहीच झालं नाही. तो क्षण अजून माझ्या अंगात आहे. मग गळ्यातून फुर्र आवाज आला आणि आप्पांची छाती वर झाली. धुतलेली नळी परत बसवली. मग सांगितल्याप्रमाणे घाबरलो. भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

ती जीप कोणी अडवली, मला ठाऊक नाही. दिसायला तर आमच्याच गर्दीने अडवली. देवीला शरण जायचं म्हणजे हात जोडून बसायचं, असं मी समजत होतो. माझे जोडलेले हात सिस्टरने साबणाने धुवायला लावले. देवीला मी रजा दिली होती, तिने मात्र मला कामावर घेतलं. एवढं कळलं, आणि तेही उशिराच.

यंदा आप्पांची नळी निघालीय. उजवा हात अजून उठत नाही, बोलणं अडखळतं. डाव्या हाताने त्यांनी मुठी टाकल्या, अर्धवट नावं घेत. शेवटची नाव न घेता. मी बघत होतो. आणि मग बायको पुढे आली नि तिने सुपात आणखी एक मूठ टाकली.

काकू म्हणाली, "हाई कोना नावनी मूठ व?"

"सिस्टरनी."

"बाईमानूसनी मूठ? आनि ती काय आपली भाऊबंद शे?"

बायकोने हात झटकले आणि म्हणाली, "मांगला सालले यास्नी एक कमी टाकी ना? मंग यंदा एक जास्तीनी ऱ्हाऊ द्या. आनि रोटना डबा मी सोता ली जासू धडगावले."