ब्राउझरने विचारले आणि तिने ‘हो’ दाबले

नोकरीत शेकडो प्रकरणे हाताळली. पण हे एक प्रकरण कोणी मोबाईल हातात घेऊन समोर बसला की हटकून डोळ्यांपुढे उभे राहते. ‘ब्राउझरची नवी आवृत्ती टाकल्याने सुरक्षितता खरोखर वाढते काय?’ असा प्रश्न मला वारंवार विचारण्यात येतो, आणि अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर देऊ शकणारे इसम या शहरात थोडे आहेत. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. परंतु पोलीस शिपाई म्हणून भरती होऊन उपनिरीक्षक पदावरून स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास माणसे वाचता येतात, आणि यंत्रामागे शेवटी माणूसच असतो.

त्या वेळी माझी नेमणूक नागपुरात हिंगणा मार्गावरील एका ठाण्यात होती. सकाळची हजेरी आटोपून ठाणे अंमलदार दैनंदिनीत नोंद घेत होते. इतक्यात एक कारखाना कामगार, कंपनीची बस सोडून, आपल्या मुलीस व पुतण्यास घेऊन आत आला.

“साहेब, माह्या पोरीचा फॉर्म कोणीतरी बदलवला जी. वर्ष गेलं न तिचं!”

मुलीने नर्सिंगच्या प्रवेशासाठी ऑनलाइन अर्ज भरला होता. पहिली पसंती नागपुरातील महाविद्यालयास होती. ते नाव गायब होऊन त्या जागी दूरच्या जिल्ह्यातील महाविद्यालय आले होते. मुलीस बाहेरगावी ठेवणे बापास शक्य नव्हते. दुरुस्तीची मुदत संपली होती. बदल तिऱ्हाइताने केला असा पोलीस अहवाल दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत मिळाल्यासच मूळ पसंती कायम करू, असे प्रवेश कार्यालयाने कळविले होते.

बापाचा संशय अर्ज भरून देणाऱ्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या चालकावर. पुतण्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका कंपनीत संगणकावर काम करणारा. तो म्हणाला, “काका, त्याचा ब्राउझर जुना आहे. तिथूनच हॅक झालं. मी तं कवाचा सांगून राहिलो.”

चालकास बोलावून घेतले. तो घाम पुसत म्हणाला, “साहेब, आजच नवीन व्हर्जन टाकलं. आता कोणाचा बाप घुसू शकत नाही!”

“चोरी झाल्यावर कुलूप लावलं काहून गा?” मी विचारले.

सायबर शाखेतील सहकाऱ्यास दूरध्वनी केला. जुन्या आवृत्तीतील उघड झालेली छिद्रे नव्या आवृत्तीत बुजविली जातात, म्हणून जुनी वापरणे धोक्याचेच, असे त्याने सांगितले. मला ते पटले. तथापि या प्रकरणात ते लागू पडेना. खिडकीचा गज वाकवून आत आलेला चोर कपाट सोडून एकच वाटी उलटी करून जात नाही. त्या केंद्रात पुष्कळांचे अर्ज भरले गेले होते. बिघडला एकीचाच, आणि त्यातली एकच ओळ. हे काम ओळखीच्या माणसाचे.

खबर केंद्राशेजारच्या पानठेल्यावर मिळाली. ठेलेवाला सुपारी कातरत हसला. “साहेब, त्याच्या दुकानात पासवर्ड लपवाची गरजच नाही. माहा तोच तुमचा, तुमचा तोच माहा.”

चालकास पुन्हा समोर बसविले. त्याने कबूल केले, “मी सगळ्यांचा एकच ठेवतो जी. लोकं विसरून जातात, मंग माह्याच डोक्यावर येऊन बसतात.”

“त्या दिवशी पोरीसोबत कोण होतं?”

“तिची मैत्रीण. शेजारचीच. दोघींचे फॉर्म लागोपाठ भरले.”

म्हणजे अर्ज क्रमांकही लागोपाठचे. एकीला आपला क्रमांक ठाऊक, तर दुसरीचा आपोआप ठाऊक, आणि पासवर्ड तर दोघींचा एकच. मुलीला हे सांगताच ती उसळली. “तिचं नाव घेऊ नका साहेब! एका डब्यात जेवतो आम्ही.”

महिलेस चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नसते. म्हणून महिला अंमलदार व दोन पंच घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिची आई तिच्याशेजारी बसली. मी आवाज चढविला नाही. दमदाटीने माणूस कबुली देतो, खरे सांगतोच असे नाही.

“मले काय मालूम तिचा पासवर्ड?” मैत्रीण म्हणाली. “आणि माह्या मोबाईलात एकदम नवीन ब्राउझर आहे. वाटलं तं पाहून घ्या.”

“छान. तुझाच फॉर्म उघडून दाखव.”

तिने संकेतस्थळ उघडले. अर्ज क्रमांकाच्या चौकटीवर बोट ठेवताच खाली दोन क्रमांक आले. एक तिचा, एक तक्रारदार मुलीचा. लॉगिन करताना ‘हे जतन करू काय?’ असे ब्राउझर विचारतो आणि आपली माणसे न वाचता ‘हो’ दाबतात. तिनेही दाबले होते.

आई पडद्याकडे पाहून म्हणाली, “काय केलं वं हे?”

मैत्रीण रडू लागली. “तिचे मार्क माह्याहून जास्त होते, आई. नागपूरच्या कॉलेजात आपल्यासाठी एकच सीट राहते, असं सगळे म्हणत होते.”

पंचनामा करून मोबाईल जप्त केला, अहवाल तयार केला. सही करण्यापूर्वी तक्रारदार मुलीस वाचून दाखविला. तिने मैत्रिणीच्या नावावर बोट ठेवले. नंतर म्हणाली, “नाव राहू द्या. खरं आहे तं आहे. पण तिचा फॉर्म बाद करू नका म्हणून मी अर्ज दिला तं चालते काय?”

बाप भडकला. “पागल झाली काय वं तू?”

“तिचंही वर्षच आहे न बाबा.”

तो अर्ज मी स्वतः लिहून दिला. आज कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्जलेखनाचा व्यवसाय करतो. त्या व्यवसायातील माझा पहिला अर्ज तोच, आणि त्याहून सरस मसुदा अद्याप माझ्या हातून उतरलेला नाही. मुलीची पसंती मुदतीत पूर्ववत झाली व तिला नागपुरातच प्रवेश मिळाला. मैत्रिणीचा अर्ज ग्राह्य राहिला. तिच्यावरील कारवाई मात्र कायद्याने जशी व्हायची तशी झाली.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर ठामपणे देतो. नवी आवृत्ती अवश्य टाका. बाहेरचा चोर त्याने अडतो, यात मला शंका नाही. परंतु ज्याच्या हाती आपण होऊन किल्ली दिली, त्याला कोणतीही आवृत्ती अडवीत नाही. चालकाचा ब्राउझर जुना होता आणि मैत्रिणीचा नवा. या प्रकरणात त्याने तिळमात्र फरक पडला नाही. पासवर्ड आपला आपण ठेवावा आणि ‘हो’ दाबण्यापूर्वी प्रश्न वाचावा.

त्या दिवशी ठाण्यातून निघण्यापूर्वी तक्रारदार मुलीने माझ्यासमोरच नवा पासवर्ड ठेवला. बाप खांद्यावरून वाकून म्हणाला, “काय ठेवला वं? मले सांगून ठेव, विसरशील.”

तिने मोबाईल छातीशी धरला.

“नाही सांगत, बाबा.”