पुसलेली फुली

शालिकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला गाडी दाखवत होतो. फोन खिशात टाकला आणि आधी सौदा पुरा केला. माझा स्वभाव हा असा. त्यांना तो माझ्याहून चांगला माहीत होता.

आमगावात माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे आणि वीस वर्षं शालिक मिस्त्री माझ्या गाड्या तपासत. बाकीचे मिस्त्री आधी इंजिन बघतात, हे चाकांपाशी बसायचे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचे. गाडी हिंदकळतच राहिली की शॉकअप गेला. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचे, फिरवायचे आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवून डोळे मिटायचे. बेअरिंग खराब असलं की हाताला खरखर लागते म्हणायचे. मला कधी लागली नाही. खराब चाकावर खडूची फुली मारली की त्यांचं काम संपलं. त्या फुलीवर कुणी वाद घालत नसे.

एकदा कामठ्याचे एक गुरुजी गाडी न्यायला येणार होते. शालिकभाऊंनी पुढच्या डाव्या चाकावर फुली मारली. "हे बेअरिंग गेलं. बदलल्याबिगर देऊ नको," म्हणाले आणि जेवायला गेले. बेअरिंग गोंदियाहून आणावं लागणार होतं आणि गुरुजी तर दारात... मी ओल्या फडक्यानं फुली पुसली. वर म्हणालो, "शालिकभाऊनं तपासलीय." आमच्याकडे एवढं पुरत असे.

महिन्याभरात देवरीच्या रस्त्यावर ते चाक जाम झालं, गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरली. गुरुजींच्या बायकोचा हात मोडला. ते दुकानात आले आणि माझ्यावर नाही, शालिकभाऊंवर ओरडले, "आंधळा हायेस का गा? काय पाह्यलं तूनं?" चार माणसं जमली. शालिकभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी पाना पुसत होतो. पुसण्यात माझा हात पहिल्यापासून चांगला.

"चुकला असंन माहा हात, गुरुजी," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काऊन बोलले नाही तुम्ही?"

"तू बोलशीन म्हून थांबून राह्यलो होतो."

त्यानंतर लोक आपल्या गाड्या दुसरीकडे दाखवू लागले. शालिकभाऊ माझ्याकडे येत राहिले, पण फुली त्यांनी पुन्हा स्वतः मारली नाही. चाक तपासून खडू माझ्या हातात द्यायचे. "तू मार."

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत त्यांची मुलगी सुजाता पांढऱ्या साडीत बोलायला उभी राहिली. "बाबा म्हणत, जिंदगीत एकच चाक चुकलं माह्यानं." म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. लोक डोळे पुसत हसले. मी पहिल्या रांगेत, हातात खिरीचा द्रोण. उठून दोन वाक्यं बोलायची होती... मी खीर संपवली. लाज वाटते लिहिताना, पण संपवली.

त्यांचा उरलेला खडू माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा एका गाडीला जॅक लावला, स्प्रिंगवर हात ठेवला, डोळे मिटले. पहिल्यांदाच खरखर लागली. फुली मारली आणि तिथंच खाली बसलो. हे मी पेपरच्या रविवार पुरवणीसाठी लिहितोय. गुरुजी ही पुरवणी वाचतात, सुजाताही वाचते.

गुरुजी, सुजाता, त्या चाकावर फुली होती. मी पुसली.