तिसऱ्या वळणावर बंद पडणारी गाडी

सायकलवर सुट्टी घालवायला आलेली माणसं खिंडीच्या पायथ्याशी, माझ्या घरी, एक रात्र राहतात आणि सकाळी डोंगर चढू लागतात. सगळ्यांच्या पुढे असतो सहल नेणारा गृहस्थ, आणि सगळ्यांच्या मागे, सामानाची गाडी घेऊन, त्याची थोरली बहीण. दमलेल्याला ती खिडकीतून एकच शब्द ऐकवते, ‘सावकाश’. पाहुण्यांनी तिचं नावच सावकाशताई करून टाकलं.

वय त्रेसष्ट. एकवीस वर्षं तिने याच रस्त्यावर दुधाची गाडी चालवली. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली. पहिला आठवडा वहिनीला बटाटे सोलून दिले, दुसऱ्या आठवड्यात गाडीची चावी मागून घेतली.

त्या गाडीला एक खोड होती. ती तिसऱ्या वळणावर बंद पडायची. पाहुण्यांच्या नोंदी मी रोज डायरीत करते. त्यांत बारा वर्षांत एक्केचाळीस वेळा गाडी बंद पडलेली आहे. उतारावर एकदाही नाही.

कारण मला एकदा प्रत्यक्षच दिसलं. डोळे तपासायला मी तिच्या गाडीतून पलीकडच्या गावी निघाले होते. पुढे एक निवृत्त हेडमास्तर चालले होते. चेहरा पांढराफटक, तरी सायकलवरून उतरायला तयार नाहीत. ताईने चालती गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि हाक मारली, “सर, पुन्हा रुसली हो! जरा आत बसून चावी फिरवता का?”

सरांनी चावी फिरवली. गाडी सुरू.

“अगं बाई! तुमच्या हाताला गुण आहे. आता उतरू नका, परत बंद पडेल. पलीकडे सरका, सायकल मी मागे अडकवते.”

खिंडीच्या दोनशे पावलं अलीकडे गाडी ‘बरी’ झाली. सर उतरले आणि आपल्या सायकलवरून ऐटीत वर पोचले.

“ ‘दमलात, बसा’ म्हटलं असतं तर मेले असते, पण बसले नसते,” ती मला म्हणाली. “कुणाला सांगू नका हं. माझ्या भावाला तर मुळीच नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही, जेवताना सगळ्यांना रंगवून सांगेल. आणि हे लोक पुढच्या वर्षी परत येतात.”

पण गंमत अशी, की हीच उपकृत मंडळी जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहून जायची: ‘व्यवस्था उत्तम. गाडी मात्र बदलावी.’ हेडमास्तरांनी तर खाली रेघ मारली होती.

गेल्या वर्षी भावाने ती वही माझ्या ओसरीवर तिच्यापुढे आपटली. “ताई, बस झालं. पुढच्या मोसमात नवी गाडी येतेय, ड्रायव्हरसकट. तू आता घरी आराम कर.”

“आराम म्हणजे बटाटे,” ती म्हणाली. एवढंच. खरं बोलली असती तर गाडी वाचली असती. मला मात्र रात्रभर चैन पडलं नाही.

सकाळी भावाने आपल्या मुलीला तुकडीच्या पुढे पाठवलं. “मी आज सायकल घेऊन मागे राहतो. नक्की बिघडतं काय ते बघूनच गाडी विकतो.” त्याला एकसष्टावं वर्ष लागलं होतं आणि आठवडाभरापूर्वीच तो तापातून उठला होता. माझी डोळ्यांची तारीख होती, म्हणून मी गाडीत मागे बॅगांमध्ये बसले होते.

दुसऱ्या वळणावर तो चेन तपासायला उतरला. चेनला काही झालं नव्हतं. पुढच्या शंभर पावलांत पुन्हा उतरला. ताई एकटक त्याच्याकडेच बघत होती. तिसरं वळण आलं. तिने गाडी थांबवली.

“आज नको गं,” मी म्हणाले. “आज पडली तर विकेलच तो.”

“त्याचे ओठ बघा, काळेनिळे पडलेत,” ती म्हणाली आणि बॉनेट उघडलं.

तो सायकल ढकलत मागे आला. “बघ! पडली ना!” त्याने बॅटरी हलवली, वायरी चाचपल्या, पाणी पाहिलं. “काहीच तर बिघडलेलं नाही!”

“आत बसून चावी फिरव बरं जरा.”

त्याने फिरवली. गाडी सुरू झाली.

“तुझ्या हाताला गुण आहे,” ताई म्हणाली. “आता सरक पलीकडे.”

तो सरकला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बहिणीकडे बघत राहिला.

“किती जणांना, ताई?”

“मी काय मोजत बसते?”

मला आकडा पाठ होता. तो हळूच पलीकडे सरकला आणि काचेला डोकं टेकवून त्याने डोळे मिटले. दोनशे पावलं अलीकडे तिने त्याला उठवलं, सायकल काढून दिली. वर लेकीने टाळ्या वाजवल्या.

या वर्षीची पहिली तुकडी परवा आली. निघताना तो सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, “एक सांगायचं राहिलं. गाडी जुनी आहे, तिसऱ्या वळणावर बंद पडते. तेव्हा जो जवळ असेल त्याने आमच्या ताईला मदत करायची. तिला एकटीला जमत नाही.”

“हो, माझ्याच गाडीला नावं ठेव,” ताई खिडकीतून करवादली आणि चावी फिरवली.